वीज कुठून येते

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. घरून निघताना गॅसचं बटण दोनदा बघते, कुलूप लावून पुन्हा ओढून बघते, आणि दोन वह्यांमध्ये एकच चूक सापडली की कोणी कोणाचं बघून लिहिलं हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. वीस वर्षं सरकारी शाळेत शिकवतेय. या नोकरीत माणूस संशयी झाला नाही तर त्याला कोणीही गुंडाळून ठेवतं, असं माझं अजूनही मत आहे. पण चौथीला ऊर्जेचा पाठ शिकवला त्या वर्षी मी सगळ्या गावावर संशय घेतला आणि स्वतःच्या हाताकडे तेवढं बघायचं राहून गेलं. त्यात एका घरातले दोन भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. ते माझ्यामुळे झालं का, हाच प्रश्न पुढचे कित्येक दिवस माझ्या मानगुटीवर बसला होता.

माझं माहेर धुळ्याचं, आई शिंदखेड्याकडची. शाळा मात्र धरणगावच्या पलीकडे, कापसाच्या गावात. दोन खोल्या, दोन शिक्षक, चौथीत एकोणीस मुलं. मी पुस्तकातली मराठी बोलते, मुलं अहिराणीत उत्तर देतात, आणि आमचं छान चालतं.

ऊर्जेचा पाठ मला मनापासून आवडतो, कारण त्यात मुलांना फसवता येत नाही. हात चोळायला लावायचे आणि विचारायचं, गरम कशाने झाले? चूल तर पेटवली नाही. मग हालचालीची उष्णता झाली. खिचडीच्या रिकाम्या डब्यावर पळीने ठोकायचं, डब्यावर चार ज्वारीचे दाणे टाकायचे, ते नाचतात. हाताच्या हालचालीचा आवाज झाला आणि आवाज दाण्यांना हलवतो हे डोळ्यांनी दिसलं. पऱ्हाटीची काडी दाखवायची. कापूस वेचून झाल्यावर उरलेलं वाळकं झाड ते. थंड आहे ना? मग चुलीत घातल्यावर एवढी धग कुठून येते? शेतात उभं होतं तोवर झाडाने सूर्याचं ऊन खाल्लं, ते काडीत साठवून ठेवलं. तुम्ही सकाळी भाकरी खाल्ली, ती तुमच्यात साठली, म्हणून तर मधल्या सुट्टीत एवढे धावता. ऊर्जा नाहीशी होत नाही, नुसतं रूप बदलते. हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं आणि मुलांनी एका सुरात म्हटलं.

मग विजेवर आले. "पंखा कशावर चालतो?" "लाईटवर." "लाईट कुठून येते?" "बटनमाईन." सगळ्यांचं एकच. मी म्हटलं, बटण काय वीज बनवतं? बटण म्हणजे नुसतं दार. दारातून आत येणारा माणूस कुठून तरी आलेला असतो की नाही? मग फळ्यावर तीन रकाने आखले. वस्तू. वीज कुठून येते. विजेचं काय होतं. आठवेल तेवढं आत्ता लिहा, बाकीचं घरी जाऊन नीट बघून लिहा, असं सांगितलं.

पहिल्या बाकावर दोन चुलत बहिणी बसायच्या. दोघी एकाच अंगणातल्या, दोन भावांच्या मुली. थोरल्या भावाची मुलगी वर्गात सगळ्यात हुशार, आणि मला म्हणूनच तिच्यावर डोळा ठेवावा लागायचा, कारण निम्मा वर्ग तिच्या वहीवर जगायचा. तिने दहा मिनिटांत पान भरलं. बल्ब, उजेड. पंखा, वारा. टीव्ही, उजेड आणि आवाज. कुट्टी मशीन, म्हणजे गुरांसाठी कडबा बारीक करायचं यंत्र, त्याच्यापुढे हालचाल, आवाज आणि "थोडं गरम बी व्हस". शेगडी, उष्णता. आणि मधल्या रकान्यात, जिथे इतरांनी बटण लिहिलं होतं, तिथे तिने लिहिलं होतं: खांबावरून, आबा काठीने वायर अडकवतात.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. चौथीची मुलगी बटणाच्या मागे खांबापर्यंत पोचली होती. मी तिला वही धरायला लावली आणि मोबाईलवर फोटो काढला. आमच्या केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांचा एक ग्रुप आहे. वर्गात काहीही उपक्रम केला की त्यावर फोटो टाकावाच लागतो, खाली गाव, शाळा आणि इयत्ता लिहून. नाही टाकला तर उपक्रम झालाच नाही असं धरतात. मी टाकला. चार अंगठे आले, एकाने फूल पाठवलं. शेवटच्या रकान्यातल्या "गरम बी व्हस" वर मी जीव टाकला होता. मधल्या रकान्यात काय लिहिलंय हे मी शिक्षिका म्हणून वाचलं होतं. गावातली बाई म्हणून वाचलं नाही. खांबावर आकडा टाकून वीज चोरणं म्हणजे काय हे मला कळत नाही असं थोडंच आहे.

दुसऱ्या दिवशी वह्या मागवल्या. एकोणीस वह्यांत एकच उत्तर. वस्तू: एक बल्ब. बास. ज्याच्या घरचा टीव्ही शाळेपर्यंत ऐकू येतो त्याच्याही घरी एक बल्ब.

माझं डोकंच फिरलं. नक्कल तर आहेच, पण ही नक्कल ठरवून केलेली होती. मी थोरल्याच्या मुलीची वही उचलली. कालचं पान नव्हतं. शिवणीत फाटक्या कागदाची बारीक पट्टी तेवढी उरली होती.

"इथलं पान कुठे गेलं?"

"पानच नव्हतं, मॅडम. आमना घरमा एकच बल्ब शे."

माझ्या तोंडावर ती हे म्हणाली, आणि तेही नजर न हलवता. खोटं बोलणारं मूल मला सहन होत नाही. चूक चालेल, आळस चालेल, खोटं नाही. मी सगळ्या वर्गासमोर म्हटलं, "ही मुलगी खोटं बोलते. काल मी स्वतः ते पान वाचलंय." आणि तिला जेवणाच्या सुट्टीपर्यंत उभं ठेवलं. ती रडली नाही. तिची चुलत बहीण शेजारी बसून बाकाच्या कडेवर नखाने रेघा ओढत होती.

दुपारी तिचे आजोबा शाळेत आले. आख्खं गाव त्यांना आबा म्हणतं. आता नातीला उभं केल्याबद्दल ऐकवतील म्हणून मी तयारीतच होते. पण त्यांनी त्याचं नावही काढलं नाही. कदाचित घरी कळलंच नसेल. पाऊसपाण्याचं बोलले, कापसावरच्या किडीचं बोलले, उठायला लागले आणि उठता उठता विचारलं, "मॅडम, हाई जी यादी तुम्ही करी राहिन्यात, ती कोठे जाई?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गावात शिक्षकाचं खरं काम यादी करणं हे आहे. मतदारांची यादी, शाळाबाह्य मुलांची यादी, संडास असलेल्या घरांची यादी, नसलेल्या घरांची यादी. जूनमध्ये मी याच आबांच्या अंगणात बसून घरातल्या माणसांची यादी केली होती. यादी केली की पुढे काही तरी होतं, चांगलं किंवा वाईट, हे गावाला पक्कं ठाऊक आहे. मुलं संध्याकाळी घरी जाऊन सांगतात की मॅडमनी विजेच्या वस्तू लिहून मागितल्यात आणि वीज कुठून येते तेही, तर कोणता बाप त्याला गृहपाठ समजेल? घरोघर मुलांना पढवलं गेलं होतं, एक बल्ब लिही.

मला हसू आलं. मी म्हटलं, "आबा, कुठेच जात नाही. पोरांचा अभ्यास आहे. वहीतलं वहीत राहतं. माझा शब्द आहे."

आबांनी मान हलवली. "तुमना शब्द शे मंग झालं," म्हणाले आणि गेले.

मी खोटं बोलले नव्हते. शपथेवर सांगते, तो फोटो मला आठवलासुद्धा नाही. ग्रुपवर टाकणं म्हणजे कुठे तरी पाठवणं, असं आम्हा लोकांना आता वाटतच नाही. तो रोजचा रतीब झालाय.

पाचव्या दिवशी सकाळी वीज कंपनीची जीप आली. इतर गल्ल्यांकडे तिने ढुंकून बघितलं नाही. सरळ आबांच्या दाराशी जाऊन उभी राहिली. खांबावरून अंगणात आलेली वायर कापली, गुंडाळून जीपमध्ये टाकली, पंचनाम्यावर आबांची सही घेतली. शाळेच्या ओट्यावरून आम्हाला सगळं दिसत होतं. मुलं खिडकीला लटकली होती. मी त्यांना ओरडून जागेवर बसवलं, आणि खडू उचलला तेव्हा मला तो फोटो आठवला. खाली गाव, शाळा, इयत्ता. मधे, आबा काठीने वायर अडकवतात.

गावाने आपला हिशेब लगेच मांडला. खबर कोणी दिली? यादी मॅडमकडे होती, पण मॅडमने शब्द दिला होता आणि वहीत तर एक बल्ब होता. मग उरलं कोण? आबांचा धाकटा मुलगा. तो वर्षभरापूर्वी त्याच अंगणात वेगळा झाला होता, आणि दोनच महिन्यांपूर्वी त्याने रीतसर अर्ज करून नवा मीटर बसवून घेतला होता. स्वतःचं सरळ करून घेतलं आणि भावाचं सांगून आला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. त्या माणसाने कानावर हात ठेवले, देवाची आण घेतली. काही उपयोग झाला नाही. आठवड्याच्या आत त्या अंगणाच्या मधोमध पत्रे उभे राहिले. आबा धाकट्याच्या दाराकडे पाठ करून बसायला लागले.

आणि शाळेत त्या दोघी बहिणींचे बाक बदलले. मी बदलले नाहीत. धाकट्याची मुलगी आपणहून दप्तर उचलून मागे जाऊन बसली.

त्याच दिवसांत उजळणी घेताना मी सवयीने विचारलं, "ऊर्जेचं काय होतं?" सगळे म्हणाले, नाहीशी होत नाही, रूप बदलते. एका मुलाने हात वर केला. "मॅडम, मंग आबाना घरनी वायर कापी, ती वीज कोठे गई?" कोणी हसलं नाही. मी सांगितलं, ती कुठे गेली नाही, ती तिकडे खांबावरच आहे, फक्त घरात यायचं बंद झालं. उत्तर बरोबर होतं. पण एकोणीस तोंडं माझ्याकडे बघत होती आणि मला वाटलं सगळ्यांना सगळं माहीत आहे.

ग्रुपची मी जी छाननी केली ती एखाद्या पोलिसानेही केली नसती. फोटो कोणी कोणी बघितला त्याची नावं मोबाईल दाखवतो. मी एकेक नाव घेऊन बसले. एका सरांचा मेहुणा लाईनमन आहे हे मला ठाऊक होतं. एक बाई दर दिवाळीला साडीवरून माझ्याशी चढाओढ करते. फूल पाठवणाऱ्याचाही मला संशय आला, फूलच का? केंद्राच्या बैठकीत ते सर, लाईनमनचे मेहुणे, माझ्या शेजारी बसले तर मी पर्स मांडीवर घेतली. त्यांना आडून आडून विचारलं, तर ते म्हणाले, "मॅडम, ग्रुपवरचे फोटो कोण बघतं हो? आम्ही अंगठा टाकून मोकळे होतो." खरं असेल. पण तेच खोटंही असू शकतं. मी तो फोटो माझ्याकडून पुसून टाकला, आणि पुसल्यावर मला जास्तच चोरट्यासारखं वाटलं.

एका दुपारी सगळी मुलं बाहेर खेळत असताना ती थोरल्याची मुलगी टेबलाशी आली. शिक्षा झाल्यापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. खाली बघत म्हणाली, "मॅडम, ते पान मी फाडीसन चूलमा टाकी दिधं. मी लिखं व्हतं, हाई घरमा कोनले माहीत नही. सांगू नका."

मी विचारलं, कोणी फाडायला सांगितलं होतं? तर कोणी नाही. संध्याकाळी मोठी माणसं यादीबद्दल कुजबुजत होती, ते ऐकून तिला आपलं पान आठवलं. जेवणं व्हायच्या आत तिने ते जाळलं. मोठ्यांनी सगळ्या पोरांना एक बल्ब लिहायला सांगितलं, तिलाही सांगितलं. तिने मान डोलावली. आणि दुसऱ्या दिवशी मी तिला खोटारडी म्हणून उभं केलं. ती घर वाचवत होती आणि मी नक्कल पकडत होते. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तिला फोटो माहीत होता. वही तिनेच तर धरली होती. त्याबद्दल तिने एक अक्षर विचारलं नाही.

तरी मी आणखी आठ दिवस गप्प बसले. खरं सांगायचं तर घाबरले. मी बोलले तर गाव मुलं काढून नेईल, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, आणि माझा फोटोच कारण होता हे तरी कुठे ठरलंय, अशी मनाची समजूत घालत राहिले. मग एके दिवशी मधल्या सुट्टीत पाहिलं, धाकट्याची मुलगी डबा घेऊन भिंतीकडे तोंड करून एकटी जेवत होती. तिच्याशी कोणी खेळत नव्हतं. तिच्या बापाला गावाने चहाडखोर ठरवलं होतं, आणि ते ठरवायला माझा शब्द कामी आला होता.

शाळा सुटल्यावर मी आबांकडे गेले. पत्र्यांच्या अलीकडे खाटेवर बसले होते. थोरला मुलगा हाताने कडबा तोडत होता. ती मुलगी माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि दारातच थांबली.

मी एका दमात सांगून टाकलं. आबा, मी शब्द दिला तो चुकीचा दिला. तुमच्या घरातल्या वस्तू आणि वीज कुठून येते हे लिहिलेल्या कागदाचा फोटो मी आमच्या ग्रुपवर टाकला होता, गावाच्या नावासकट. तुमच्या धाकट्याने काही केलेलं नाही. जे झालं ते माझ्याकडून झालं असेल.

आबांनी पत्र्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही भल्या शेतस. पन खरं सांगा, धाकलानी धाडं का तुमले?"

मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, तो तुमच्या पाया पडला असेल, पोरीचं निमित्त सांगितलं असेल, तुम्हाला दया आली. मी पुन्हा म्हटलं, नाही. थोरला कडबा तोडायचा थांबला आणि पाठ न वळवता म्हणाला, सगळ्या वह्यांत एक बल्ब होता, मग कागद कुठला? मी उभी राहून खरं सांगत होते आणि त्या अंगणात माझ्यावर विश्वास ठेवायला एक माणूस तयार नव्हतं. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या खऱ्यावर जसं बघत आले, तसंच ते माझ्याकडे बघत होते.

आबांनी शेवटी विचारलं, "कागद व्हता म्हनतस, मंग तो लिखा कोनी?"

दारात तांब्यातलं पाणी सांडलं. मी तिकडे बघितलं नाही. येताना सगळं बोलायची तयारी केली होती, पण हा एक प्रश्न येईल हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. खरं उत्तर दोन शब्दांचं होतं, आणि ते दिलं असतं तर त्या घराची वायर नऊ वर्षांच्या मुलीने कापली असं त्या घरात जन्मभर म्हटलं गेलं असतं.

"मी," मी म्हणाले. "जूनमध्ये माणसांची यादी करायला आले होते ना, इथेच बसले होते. तेव्हाच सगळं बघून ठेवलं आणि मी लिहिलं."

आबांचा चेहरा मोकळा झाला. इतका मोकळा की मला ते बघवेना. "माले तव्हळच वाटनं व्हतं," ते म्हणाले. "इतली काय बशी राहिनी हाई बाई, असं माले तव्हळच वाटनं व्हतं." खोट्यावर त्यांचा लगेच विश्वास बसला, कारण ते त्यांच्या मनात आधीपासून होतं. ते खाटेवरून उठले, पत्र्यापाशी गेले आणि त्यावर हाताने दोनदा थापटून पलीकडच्या मुलाला हाक मारली. मला कोणी जा म्हटलं नाही, थांबाही म्हटलं नाही. मी निघाले.

आता गावात मी खबऱ्या बाई आहे. मी गल्लीत शिरले की दारं लोटली जातात. मुलं मात्र कोणी काढून नेली नाहीत. दुसरी शाळा लांब आहे म्हणूनही असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी बहिणी पुन्हा पहिल्या बाकावर होत्या. मी हजेरी घेतली. थोरल्याची मुलगी उठून टेबलाशी आली, दोन्ही हात मागे बांधून उभी राहिली. वर्ग ऐकत नाही ना हे तिने आधी बघून घेतलं.

"मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही आबाशी खोटं कसाले बोलन्यात?"

का बोलले, हे तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी पेन खाली ठेवलं. ती उत्तर घेतल्याशिवाय जागेवर जायला तयार नव्हती.